कुपीतला सिद्धपुरुष

थंड पाणी उकळताना तुम्ही पाहिलंय? मी पाहिलंय. आमच्या गावच्या तीन-चारशे माणसांनी पाहिलंय, आणि त्यातल्या बहुतेकांनी तिथल्या तिथं हात जोडले. त्यात माझेही दोन हात होते, हे आधीच कबूल करून टाकतो. मागाहून तुम्ही म्हणायला नको की हा सुभेदार स्वतःला फार शहाणा समजतो.

आमचं गाव आष्ट्यापासून दोन कोसांवर. मी लालासाहेब, लष्करातून सुभेदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि आता गावच्या दूध संस्थेचा सचिव आहे. शुक्रवारी सकाळी ग्रामपंचायतीपुढच्या मांडवात गेलो, ते खरं तर संस्थेच्या खुर्च्या कोणी मोडू नये म्हणून. पण पुढची खुर्ची रिकामी दिसली, गुडघा दुखत होता, बसलो.

स्टेजवर तेजनाथ महाराज उभे होते. वय चाळिशीच्या आत, दाढी काळीभोर, अंगात पांढरी कफनी आणि पायात महागाचे बूट. पुढच्या टेबलावर काचेचे उंच पेले, त्यांत स्वच्छ पाणी. शेजारी एक निळी बर्फाची पेटी.

"हे गंगोत्रीचं तीर्थ!" महाराज माइकवर गरजले. "हात लावून बघा. गार हाय का न्हाई?"

पहिल्या रांगेतल्या आम्ही चौघांनी पेल्यात बोटं बुडवली. पाणी गारच होतं.

"पिऊ नगा! तुमच्या देहाला झेपायचं न्हाई!" असं म्हणत महाराजांनी बर्फाच्या पेटीतून करंगळीएवढी एक कुपी काढली. "आता बघा. हिमालयात सिद्धपुरुष वज्रानंद स्वामी बसल्याती. दोनशे अकरा वर्सं. अंगावर बर्फ, आत अग्नी! त्यांच्या देहाचं तेज थेंब थेंब या कुपीत उतरतंय. म्हणून ही बर्फात ठेवावी लागती. बाहेर काढली तर तेज उडून जातंय."

त्यांनी पेल्यात एकच थेंब सोडला. पाणी खदखदायला लागलं. पांढरा फेस वर आला, पेल्याबाहेर सांडला, टेबलावरून ओघळला. खाली जाळ नाही, वात नाही. महाराजांनी उदबत्ती फुंकून विझवली आणि तिचं नुसतं लाल टोक फेसावर धरलं. ते भक्कन पेटलं आणि ज्योत उभी राहिली.

मांडवात जो गलका झाला, तो मी बैलगाडीच्या शर्यतीतही ऐकला नव्हता. कोंडीबा मिस्त्री ओरडला, "आरं गड्या, गार पाणी उकळलं!" हरणाबाईंनी कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. ती कोणाची काढली ते त्यांनाच ठाऊक. तशात कोणीतरी शंका काढली, की कुपीत स्वामींचंच तेज आहे कशावरून?

"इंग्रजी कुणाला वाचता येतंय?" महाराजांनी विचारलं.

सगळ्या गावानं माझ्याकडं पाहिलं. लष्करात अठ्ठावीस वर्षं इंग्रजीत पत्रं बडवलेला माणूस मी. छाती काढून स्टेजवर गेलो. कुपीवर कंपनीचं बारीक अक्षरातलं लेबल होतं. निम्म्यावर ओमचं चकचकीत स्टिकर चिकटवलेलं, वरचं निम्मं उघडं. मी माइकवर वाचलं, "रिकॉम्बिनंट ह्यूमन कॅटॅलेज."

रिकॉम्बिनंट मला कळलं नाही, कॅटॅलेज तर मुळीच नाही. ह्यूमन कळलं. माणसाला जे कळतं तेच तो मोठ्यानं बोलतो. मी म्हटलं, "ह्यूमन म्हणजे माणसाचं. लिहिलंय खरं."

झालं! सुभेदारांनी वाचलं म्हटल्यावर शंका काढणाराच रांगेत पहिला उभा राहिला. महाराज जिभेखाली दोन-दोन थेंब सोडू लागले. संधिवात, दमा, साखर, मूल न होणं, नोकरी न लागणं, सगळ्याला तेच दोन थेंब. अट एकच: बाकीची औषधं बंद. आणि सुई तर अजिबात नको, सुईच्या भोकातून तेज गळून जातं म्हणे. मीही गुडघ्यासाठी दोन थेंब घेतले. चव काहीच नव्हती.

---

शनिवारी सकाळी दूध संस्थेत अंकिता नेहमीप्रमाणे दुधाचे नमुने तपासत होती. ही आमची तपासनीस. सांगलीच्या कॉलेजातून सूक्ष्मजीवशास्त्र शिकून आलेली, जीभ कात्रीसारखी. दुधात पाणी घालणारी माणसं तिला यमाहून जास्त भितात.

मी तिच्यापुढं हात नाचवला. कालपासून माझ्या तीन बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती आणि चुरचुरत होती. "बघ," म्हटलं, "तेजाची खूण."

तिनं माझं बोट नाकाशी नेलं, उलटसुलट पाहिलं. "काका, ही खूण मी मागच्या उन्हाळ्यात बिराप्पाच्या बोटांवर बघितली होती. आठवतंय का?"

आठवलं. बिराप्पा दूध नासू नये म्हणून त्यात कसलंसं औषध मिसळताना पकडला गेला होता.

"हायड्रोजन पेरॉक्साइड," अंकिता म्हणाली. "दिसायला पाण्यासारखं. जखमेवर डॉक्टर घालतात आणि फसाफसा फेस येतो, तेच. जरा कडक असलं की कातडी पांढरी पडते. काल माइकवर कुपीवरचं काय वाचलंत म्हणे?"

मी सांगितलं. कॅटॅलेज म्हटल्यावर ती हातातली नळी ठेवून हसत सुटली. हसता हसता काही सांगणार, इतक्यात धन्यकुमार किटली घेऊन आत आला आणि त्याचा चेहरा बघून तिचं हसू विरलं.

धन्यकुमार आमच्या गावचा जैन शेतकरी, दोन एकर ऊस आणि चार म्हशी. कमी बोलणारा माणूस. त्याच्या मुलीला, ब्राह्मीला, दोन वर्षांपूर्वी साखरेचा आजार निघाला. थोरामोठ्यांना होतो तो नव्हे, लहान मुलांना होतो तो. तिच्या अंगात इन्शुलिन तयारच होत नाही. दिवसातून चार वेळा सुई घ्यायची आणि आठवीत पहिला नंबर काढायचा, असं तिचं चाललेलं.

"ब्राह्मी बरी आहे ना?" अंकितानं विचारलं.

"काल सांजच्यापासनं सुई बंद हाय," धन्यकुमार जमिनीकडं बघत म्हणाला. "आईनं नियम घेतलाय. पोरीला परत सुई टोचली, तर चारी आहाराचा त्याग. अन्न न्हाई, पाणीबी न्हाई."

जैन घरातला नियम म्हणजे काय, हे आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. एकदा घेतला की माणूस प्राण सोडील, नियम सोडणार नाही. आणि धन्यकुमारची आई, आक्काताई, म्हणजे तर उकळून गाळलेल्या पाण्याशिवाय घोट न घेणारी बाई.

"पण का?" अंकिताचा आवाज चढला.

"म्हाराजांनी सांगितलं, इन्शुलिन डुकराच्या आतड्यातनं काढत्यात. आईला ते आधीच ठाव होतं. आमच्या बाबांना हाच आजार होता. तीस-पस्तीस वर्सांमागं डॉक्टरांनी त्यांना खरं काय ते सांगितलं, आन् त्यांनी सुई घेतली न्हाई. धर्मापायी गेले. ब्राह्मीला सुरू केली तवापासनं आई घरात जेवताना मान खाली घालून जेवती. आता म्हाराज म्हणत्यात, यात हिंसा न्हाई, स्वामी आपखुशीनं देत्यात. मग तिला दुसरं काय पायजे?"

"आणि ब्राह्मी?"

"रात्रभर पाणी पितीया. पहाटे उलटी झाली. आई म्हणती, दोष भाईर पडतोय. आत्ता दोघी मांडवातच हायती."

अंकितानं घड्याळ पाहिलं. "काका, हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. या आजारात इन्शुलिन बंद झालं की रक्त आंबट होत जातं. दुपारपर्यंत पोरगी निपचित पडेल आणि उद्यापर्यंत..." तिनं तपासणीचं खोकं उचललं. "ब्राह्मीला उचलून नेऊ, पण आक्का उपाशी बसतील आणि आईपायी हे दादा घरी जाऊन पुन्हा सुई बंद करतील. आधी आक्कांना पटलं पाहिजे. दहा मिनिटं द्या मला. धन्यकुमारदादा, गाडी मांडवाच्या दाराशी लावून ठेवा."

मला काय वाटलं सांगू? लाज वाटली. माइकवर "ह्यूमन" मीच वाचलं होतं.

---

मांडवात शनिवारी दुप्पट गर्दी. माधवनगरहून दोन जीपगाड्या आलेल्या. पुढच्या सतरंजीवर आक्काताई पांढऱ्या लुगड्यात ताठ बसलेल्या, त्यांच्या मांडीला टेकून ब्राह्मी. पोरीचे ओठ सुकलेले, श्वास खोल खोल चाललेला, हातात तांब्या. महाराजांचा पहिला पेला नुकताच खदखदून झाला होता.

अंकिता थेट स्टेजवर चढली. काखेत दूध संस्थेचं तपासणीचं खोकं, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात पालकाची जुडी.

"महाराज, एक विनंती. हा तांब्या आमच्या विहिरीच्या पाण्याचा. यात स्वामींच्या तेजाचा एक थेंब टाका."

"तेज फकस्त तीर्थात चढतंय, माय," महाराज गोड हसले.

"दोनशे अकरा वर्षांचा सिद्धपुरुष, त्याला आमच्या विहिरीचं पाणी चालत नाही? मग पोरीच्या अंगात कसं चढणार? तिच्या अंगात काय गंगोत्री आहे?"

गर्दीतून कोणीतरी खुदकन हसलं. कोंडीबा ओरडला, "टाका की म्हाराज! आमच्या हिरीचं पाणीबी ग्वाड हाय!" महाराजांनी नाइलाजानं थेंब टाकला. सगळे माना उंचावून बघत राहिले. पाणी जसं होतं तसंच राहिलं, एक बुडबुडासुद्धा आला नाही.

"नास्तिकाच्या हातचं पानी..." महाराज सुरू झाले.

"थांबा. आता उलटं करू." अंकितानं पालकाची चार पानं हातावर चुरगळली आणि महाराजांच्या तीर्थाच्या दुसऱ्या पेल्यात टाकली. पाणी सळसळलं, हिरवट फेस चढत चढत काठाला आला. तिनं टेबलावरचीच उदबत्ती विझवून त्यावर धरली, ती भक्कन पेटली.

"सांगा आता," अंकितानं माइक हातात घेतला, "वज्रानंद स्वामी हिमालयात बसलेत का आमच्या तात्याबांच्या पालकाच्या वाफ्यात?"

मांडव हसून हसून कोसळायचा राहिला. तात्याबा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या वाफ्यात कुणी न्हाई बाबा, म्या कालच भांगलण करून समदं तण काढलंया!"

अंकितानं खोक्यातली बाटली काढली. दुधात भेसळीचं औषध घातलंय का, हे बघायला आम्ही रोज वापरतो तीच. चार थेंब तीर्थात पडले आणि गंगोत्री शाईसारखी निळीकाळी झाली. आमच्या गावात दूध घालणारा प्रत्येक माणूस तो रंग ओळखतो. बिराप्पा तर गर्दीत खालीच बसला.

"हे पाणी नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. ते फुटलं की पाणी आणि प्राणवायू होतो. प्राणवायूचे बुडबुडे म्हणजे तो फेस, आणि प्राणवायूनंच विझलेली उदबत्ती पेटते. ते फोडायचं काम करणारा पदार्थ म्हणजे कॅटॅलेज. पालकात आहे, तुमच्या-माझ्या रक्तात आहे, या महाराजांच्याही अंगात आहे. म्हणून जखमेवर फेस येतो. त्याला योगी व्हावं लागत नाही."

"पण लेबलावर ह्यूमन हाय!" महाराज ओरडले. "तुमच्या सुभेदारांनी वाचलंय!"

तेव्हा मी उठलो. गुडघा दुखत होता, थेंब घेऊनही. "काल मी निम्मंच वाचलं," मी म्हणालो. "आज राहिलेलं वाचतो." कुपी त्यांच्या हातातून काढून घेतली, नखानं ओम उचकटला आणि माइकवर एकेक शब्द आधी इंग्रजीत, मग मराठीत वाचला. ई. कोलाय जिवाणूत तयार केलेलं. केवळ प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी. माणसाला देण्यासाठी नाही. आणि खाली तारीख, मुदत दीड वर्षापूर्वी संपलेली.

महाराज बर्फाची पेटी उचलून मागच्या बाजूनं निघाले होते, पण मागच्या बाजूला आमच्या संस्थेचा दुधाचा टेम्पो आडवा लावलेला होता. पुढं पोलिसांपुढं त्यानं सगळं सांगितलं. नाव वीरधवल, गाव खंडाळ्याकडचं. प्रयोगशाळांना माल पोचवणाऱ्या गाडीवर होता. मुदत संपलेल्या कुप्या फेकून द्यायला दिल्या, त्या त्यानं घरी नेल्या. त्या बर्फात का ठेवतात आणि पेरॉक्साइडवर फेस कसा आणतात, तेवढंच तो तिथं शिकला होता. बाकीचं अध्यात्म त्यानं स्वतःच्या डोक्यातून काढलं.

पण हे नंतरचं. मांडवात गलका चालू असताना आक्काताई मात्र बसल्या जागेवरून हलल्या नव्हत्या.

"ह्यो लबाड निघाला, समजलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणून डुकराची सुई शुद्ध होती व्हय?"

अंकिता स्टेजवरून उतरली आणि त्यांच्यापुढं सतरंजीवर बसली.

"आक्का, तुमच्या मालकांना डॉक्टरांनी सांगितलं ते खोटं नव्हतं. तेव्हा आपल्याकडं मिळणारं इन्शुलिन जनावरांच्या ग्रंथीतूनच काढलेलं असे. ते धर्माला जागले. पण आता तसं करत नाहीत. तुमच्या हातच्या शेंगापोळीची कृती तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिली, आणि परगावच्या बाईनं ती वाचून पोळी केली, तर पोळी कोणाची?"

"माझ्या हातची चव न्हाई येणार, पर पोळी माझीच."

"तसंच आहे. माणसाच्या शरीरात इन्शुलिन करायची कृती असते. शास्त्रज्ञांनी ती कृती डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूला नाहीतर यीस्टला दिली. तो ते बनवतो, ते गाळून शुद्ध करतात. डुक्कर नाही, गाय नाही. या कुपीतलं कॅटॅलेजही असंच केलेलं, रिकॉम्बिनंट म्हणजे तेच; कृती माणसाची, म्हणून त्याच्यावर ह्यूमन लिहिलंय. वस्तू खरी आहे, सांगणारा खोटा होता. ती प्रयोगशाळेत तपासण्या करायला बनवली, प्यायला नाही. प्यालो तरी पोटात डाळीसारखी पचून जाते. इन्शुलिनही प्यालं तर पचून जाईल, म्हणून तर बिचारीला टोचावं लागतं."

आक्काताईंनी नातीच्या कपाळावर हात ठेवला. "आन् त्या जिवाणूचा जीव?"

अंकिता अडखळली. खोटं बोलणं तिला जमत नाही. "तो जातो, आक्का," ती म्हणाली.

तेवढ्यात मागून धन्यकुमार पुढं झाला. उभ्या आयुष्यात आईपुढं ज्यानं मान वर केली नव्हती, तो माणूस तिच्यापुढं गुडघे टेकून बसला.

"आई, डोळ्याला न दिसणारा जीव वाचवायला जातीयास, ते बरोबर हाय. पर ह्यो बघ की. पंचेंद्रिय जीव तुझ्या मांडीवर हाय. बघतोय, ऐकतोय, तहानेनं कासावीस झालाय. ही गेली तर ती हिंसा कुणाच्या माथी? बाबांनी सोताचा जीव दिला. सोताचा! नातीचा दिला न्हाई."

ब्राह्मीनं पुन्हा तांब्या ओठाला लावला. तो रिकामा होता. तिच्या हातातून तो निसटला आणि ती आजीच्या मांडीवर कलंडली.

आक्काताई उठल्या. सत्तर वर्षांची बाई, पोरीला कवेत घेऊन उठली. "नियम माझा हाय," त्या म्हणाल्या. "म्याच मोडीन, प्रायश्चित्त म्याच घीन. गाडी काढ."

---

सांगलीच्या दवाखान्यात ब्राह्मी तीन दिवस होती. सलाइन, इन्शुलिन, दर तासाला तपासणी. दुसऱ्या दिवशी तिनं अभ्यासाची वही मागितली तेव्हा धन्यकुमार बाहेर येऊन भिंतीकडं तोंड करून रडला. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर आम्हाला काही करता आलं नसतं.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार मी स्वतः लिहून दिली. गावसभेत उभा राहून माझी चूकही सांगितली, आणि तेच तुम्हालाही सांगतो. चमत्कार दाखवणारा आला, तर त्याला म्हणा, आमच्या पाण्यात करून दाखव. लेबल वाचायचं तर पुरतं वाचा. निम्मं वाचणाऱ्यापेक्षा अंगठेबहाद्दर बरा, तो निदान माइकवर जात नाही. जे कळलं नाही ते "कळलं नाही" म्हणून सांगा, त्यानं कोणाची सुभेदारी जात नाही. आणि चालू औषध बंद करा म्हणणाऱ्याला, तो कफनीत असो की कोटात, आधी तुमच्या डॉक्टरपुढं उभा करा.

ब्राह्मी घरी आली त्या संध्याकाळी मी आणि अंकिता भेटायला गेलो. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून त्या घरात ताटं लवकर मांडलेली होती. आक्काताईंनी सुई देणं शिकायचं ठरवलं होतं. अंकितानं किती घ्यायचं, कुठं धरायचं, सगळं दाखवलं. आक्काताईंनी इन्शुलिनचं खोकं डोळ्यांजवळ धरलं आणि माझ्यापुढं केलं. "सुभेदार, सगळं वाचा. एक अक्षर सोडू नगा."

मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, तारखेसकट. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, नातीच्या दंडाची चिमूट धरली. त्यांनी णमोकार मंत्र म्हटला आणि डोळे मिटून घेतले.

"आजी," ब्राह्मी म्हणाली, "डोळे उघडून टोच की गं!"